गाडी ओढत नाही, म्हणजे नक्की काय होतं?

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत कर्जाचा एक अर्ज आला. रक्कम ९ हजार रुपये, कारण ‘गाडीचं इंजिन काम’. अर्ज करणारी आमच्याच गटातली, चाळिशीला टेकलेली. वाईत राहते. पहाटे चारला उठून जावेच्या मदतीनं अडीचशे चपात्या करते. साडेसहाला दोन मोठे स्टीलचे डबे स्कूटरवर ठेवते, एक पायाशी, एक मागच्या सीटला बांधून, आणि पसरणीचा घाट चढून पाचगणीतल्या एका वसतिगृहाच्या मेसला पोचवून येते. स्कूटर सेकंड हँड, तीसुद्धा गटाच्याच कर्जातून घेतलेली. त्या कर्जाचे चार हप्ते अजून बाकी होते.

तिनं सांगितलं ते असं. पंधरा दिवसांपासून गाडी घाटात दम सोडत होती. मूठ पूर्ण पिळली तरी सायकलच्या वेगानं चढायची. एका सकाळी वळणावर ती इतकी हळू झाली, की मागून आलेल्या एसटीला कचकन ब्रेक मारावा लागला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, वर चार शब्दही ऐकवले. ही खाली उतरली आणि डब्यांसकट गाडी ढकलत कडेला घेतली. त्या दिवशी चपात्या तासभर उशिरा पोचल्या. मेसवाल्यांनी शांतपणे सांगितलं, “पुन्हा असं झालं तर आम्हाला दुसरीकडे बघावं लागेल.”

गॅरेजमध्ये दाखवलं तर मेकॅनिकनं गाडी सुरू केली, दोनदा मूठ पिळली आणि निकाल दिला, “इंजिन उघडावं लागेल. आठ-नऊ हजार धरून चाला.” घरी नवरा म्हणाला, “कशाला पाहिजे तो घाट? सोड ती ऑर्डर, विकून टाक गाडी.” सासूबाई म्हणाल्या, “मी आधीच म्हणत होते.”

बैठकीत सगळ्या हळहळल्या. मंजुरीच्या कागदावर सही करायला मी पेन हातात घेतलंही होतं. पण सही होईना. मला माझीच एक गोष्ट आठवली, जी मी आजवर घरातसुद्धा कुणाला सांगितलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी माझी स्कूटर जड झाली होती. मी गॅरेजमध्ये जाऊन सांगितलं, “दादा, गाडी कशीतरीच करते हो.” त्यानं विचारलं, “कशी म्हणजे?” मी म्हटलं, “म्हणजे… ओढत नाही. बघा ना काय ते.” त्यानं बघितलं. बेल्ट बदलला, क्लच बदलला, ३२०० रुपये झाले. गाडी घेऊन निघाले तर तशीच जड! दुसऱ्या दिवशी पेट्रोल भरायला गेले, तिथल्या हवा भरणाऱ्या मुलानं मागच्या चाकाकडे बघितलं आणि म्हणाला, “काकू, हवा निम्मीसुद्धा नाही.” हवा भरली, गाडी पळायला लागली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! लाजेनं मी गप्प बसले.

तेव्हा पेन खाली ठेवून मी म्हटलं, “आठ दिवस थांबूया. आधी गाडीला नक्की काय झालंय ते बघू.”

काकांचे तीन प्रश्न

आमच्या आळीत एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका राहतात. आम्ही दोघी गाडी घेऊन त्यांच्या अंगणात गेलो. त्यांनी गाडीला हात लावला नाही. ओट्यावर बसून तिलाच विचारलं, “पोरी, तीन गोष्टी सांग. गाडी नुसत्या चढालाच दमते का सपाटीलाही? गार असताना नीट चालते आणि तापल्यावर बिघडते, का पहिल्यापासून तशीच? आणि मूठ पिळलीस की इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी पळत नाही, का आवाजच वाढत नाही?”

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. एकाही प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. ती रोज २५ किलोमीटर ती गाडी चालवते, मी वीस वर्षं स्कूटर चालवते आहे. पण आम्ही कधी ऐकलंच नव्हतं.

मैत्रिणींनो, मला खरा धक्का तिथे बसला. शेजारच्या खोलीत बसूनही दूध उतू जायला आलंय हे आपल्याला कळतं. कुकरची शिट्टी नीट झाली का अर्धवट, हे न बघता सांगतो. फोडणीच्या वासावरून मोहरी करपली हे कळतं. लेकरू नुसतं कुरकुरलं तरी पोट दुखतंय का झोप आलीय ते ओळखतो. एवढे तयार कान, नाक आणि हात असलेल्या आपण गाडीच्या बाबतीत मात्र ‘कशीतरीच करते’ याच्या पुढे जात नाही. कारण ते ‘आपलं काम नाही’ असं कुणीतरी कधीतरी ठरवून टाकलंय आणि आपण ते मान्य केलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबे घेऊन निघाली, मी माझ्या गाडीवर तिच्या मागे. तिला एकच काम दिलं होतं, ऐकायचं. वर पोचल्यावर तिनं जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं. ‘सपाटीला बरी, पण पूर्वीसारखी नाही. चढाला दमते. तापल्यावर जास्त. मूठ पिळली की आवाज वाढत नाही, घोगरा होतो, गुदमरल्यासारखा. पेट्रोलचा वास येतो. पेट्रोलही लवकर संपतंय. मागच्या चाकापाशी काहीतरी जळल्यासारखा वास येतो.’

काकांनी वही वाचली आणि हसले. म्हणाले, “आता निम्मं काम झालं. आणि एक लक्षात ठेव, घाटात थोडा दम कमी पडणारच. वाई सुमारे ७०० मीटर उंचीवर, पाचगणी १३०० च्या आसपास. वर हवा विरळ होते, चांगली गाडीही थोडी मंदावते. पण सायकलच्या वेगानं नाही.”

चूल, भांडं आणि चाक

मग काकांनी आम्हाला जे समजावलं ते तुम्हालाही समजावं म्हणून सगळं लिहिते. आपली नेहमीची बिनगिअरची स्कूटर ताकद हरवते ती तीन ठिकाणी. एक, इंजिनमध्ये ताकद तयारच होत नाही. दोन, तयार होते पण चाकापर्यंत पोचत नाही. तीन, चाकापर्यंत पोचते पण चाकालाच कुणीतरी धरून ठेवलेलं असतं. शोध मात्र उलट्या क्रमानं घ्यायचा, कारण तिसरं तपासायला पैसे लागत नाहीत.

म्हणून आधी चाक. इंजिन बंद आणि गाडी गार असताना ती डबल स्टँडवर लावा. पदर-ओढणी खोचून घ्या. मागचं चाक हातानं फिरवा. हलकंसं घासल्याचा आवाज आला तरी चालेल, पण चाक अडून बसता कामा नये. पुढचं चाक जमिनीवरून उचलून तेही फिरवून बघा, त्यासाठी कुणालातरी मागून गाडी दाबून धरायला सांगा. मग गाडी स्टँडवरून काढून सपाट जागी ढकला. सहज पुढे जायला हवी. जात नसेल तर ब्रेक घासतोय किंवा हवा कमी आहे. ब्रेकची मूठ दाबली की सुरुवातीचं एक ते दोन सेंटिमीटर अंतर ती रिकामी जायला हवी, मग ब्रेक पकडायला हवा. मूठ हलल्या क्षणी ब्रेक पकडत असेल तर तो जास्त घट्ट झालाय. हवेचं म्हणाल तर बऱ्याच ११० सीसी गाड्यांना पुढे २२, मागे एकटी असताना २९ आणि डबल सीटला ३६ पौंडांच्या आसपास हवा लागते. तुमच्या गाडीचा नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. आपण ती पुस्तिका कपाटात लग्नाच्या अल्बमखाली ठेवून दिलेली असते.

तिच्या गाडीचं मागचं चाक फिरवलं तर पाव फेरीत थांबलं. ब्रेक नीट लागत नाही म्हणून तिनंच महिन्यापूर्वी तो घट्ट करून घेतला होता, तो जरा जास्तच घट्ट झाला होता. म्हणजे दोन डबे, ती स्वतः आणि वर लागलेला ब्रेक, एवढं सगळं ती गाडी पंधरा दिवस घाटात ओढत होती! जळका वास त्याचाच.

आता चूल, म्हणजे इंजिन. ज्यांनी कधी चूल पेटवलीय त्यांना हे लगेच समजेल. चुलीला काय लागतं? जळण, हवा आणि पेटती काडी. इंजिनला पेट्रोल, हवा आणि प्लगची ठिणगी लागते. चुलीत जळण भरपूर कोंबलं आणि हवा मिळाली नाही तर काय होतं? धूर होतो, आच लागत नाही आणि भांड्याचं बूड काळं होतं. इंजिनचंही अगदी तसंच. हवा जिथून आत जाते तिथे एअर फिल्टर असतो. तो धुळीनं भरला की इंजिन गुदमरतं. पेट्रोल आहे, ठिणगी आहे, पण श्वास नाही. मग आवाज घोगरा, पेट्रोलचा वास, अ‍ॅव्हरेज कमी आणि प्लगचं टोक काजळीनं काळं.

तिच्या गाडीचा फिल्टर काकांनी उघडून दाखवला. सोललेल्या बटाट्याच्या सालीसारखा मळकट. हळदीचा हंगाम, उसाचे ट्रॅक्टर, खोदलेले रस्ते, सगळं त्यात साठलेलं. ती म्हणाली, “पण काका, सर्व्हिसिंगला दर वेळी फिल्टर साफ करतात की, हवा मारून.” काका म्हणाले, “तिथेच चुकतं. हा तेल लावलेला कागदी फिल्टर. हा धुवायचा नाही, याला हवाही मारायची नाही. हा बदलायचा.” बऱ्याच गाड्यांना तो १२ ते १६ हजार किलोमीटरला बदलायला सांगतात, धुळीच्या भागात त्याच्याही आधी. काही गाड्यांना स्पंजचा फिल्टर असतो, तो मात्र धुता येतो. आपल्याकडे कोणता आहे ते विचारून ठेवावं.

प्लग हा तर इंजिनचा आरसा. तो काढण्याचं काम मेकॅनिकवर सोडा, पण काढल्यावर “मला दाखवा” म्हणा. टोक फिकट तपकिरी, बिस्किटाच्या रंगाचं असेल तर छान. कोरडी काळी काजळी असेल तर हवा कमी किंवा पेट्रोल जास्त. तेलकट ओला काळा असेल तर इंजिन ऑइल आत येतंय. अगदी पांढरा पडला असेल तर इंजिन जास्त तापतंय. हा एवढासा प्लग दोनशे रुपयांच्या आत येतो आणि खराब झाला तर गाडीला उचकी लागल्यासारखं करतो. गॅरेजच्या भाषेत ‘मिसिंग करते’.

जुन्या, कार्बोरेटरच्या गाड्यांना चोक असतो. थंडीत गाडी सुरू करायला ओढतो आणि परत ढकलायला विसरतो, किंवा त्याची वायर अडकून बसते. मग पेट्रोल जास्त जात राहतं, काळा धूर येतो आणि ताकद जाते. आणखी एक मजेशीर दुखणं पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाचं. टाकीत हवा जायला बारीक वाट असते. ती धुळीनं बुजली तर पेट्रोल खाली उतरत नाही. गाडी पाच-सात किलोमीटर छान चालते, मग मरगळते, बंद पडते. दहा मिनिटांनी पुन्हा सुरू होते. असं झालं तर इंजिन बंद करून टाकीचं झाकण उघडा. फुस्स आवाज आला आणि नंतर गाडी सरळ चालली, तर चोर सापडला.

उरली मधली वाट, म्हणजे इंजिनपासून चाकापर्यंत ताकद नेणारा पट्टा. भांड्यातला भात शिजला, पण ताटापर्यंत न्यायला डावच नाही, अशी ती गत. बिनगिअरच्या गाडीत दोन बशा पाठीला पाठ लावाव्यात तशा चकत्या असतात आणि त्यांच्या खाचेत रबरी बेल्ट फिरतो. चकत्या जवळ-लांब होतात तशी गाडी आपोआप गिअर बदलते. पुढच्या चकतीत छोटे रोलर असतात. बेल्ट झिजला, रोलर चपटे झाले किंवा क्लच गुळगुळीत झाला की मूठ पिळल्यावर इंजिन ओरडतं, पण गाडी त्या मानानं पळत नाही. निघताना थरथरते. काकांचा तिसरा प्रश्न त्यासाठीच होता. आवाज वाढतो पण गाडी पळत नाही, तर बेल्टकडे बघा. आवाजच वाढत नाही, तर हवा-पेट्रोल-ठिणगीकडे बघा. एवढा एक फरक मला दोन वर्षांपूर्वी सांगता आला असता, तर माझे ३२०० रुपये वाचले असते.

तिच्या गाडीचा ब्रेक साफ करून बेताचा केला, फिल्टर नवा टाकला, प्लगही काळा होता म्हणून बदलला. एकूण खर्च ६४० रुपये. दुसऱ्या दिवशी ती घाट चढून गेली आणि वरून फोन केला, “ताई, गाडी तर पोरीसारखी पळतेय!”

प्रत्येक वेळी ६४० मध्ये भागत नाही

ही गोष्ट सांगितल्यावर गटातल्या बऱ्याच जणींना वाटलं, मेकॅनिक म्हणजे लुबाडणाराच. तसं नाही. त्याच आठवड्यात गटातली दुसरी एक जण तिची गाडी घेऊन आली. तिचीही तक्रार तीच, ओढत नाही. पण तिच्या गाडीतून निळसर धूर येत होता. काकांनी ऑइलची पट्टी काढायला सांगितली तर पट्टी कोरडी ठणठणीत. दोन वर्षं नुसतं पेट्रोल भरत होती. ऑइल कधी बघायचं असतं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनं विचारलंही नव्हतं. निळा धूर म्हणजे इंजिन स्वतःचंच ऑइल जाळतंय. तिचं खरोखरच इंजिन काम निघालं, पिस्टन-रिंगपर्यंत. कर्ज तिला द्यावं लागलं आणि ते आम्ही दिलं.

म्हणजे दुखणं एकच, ‘ओढत नाही’, पण एकीला ६४० रुपयांत सुटका मिळाली आणि दुसरीला हजारोंचा खड्डा पडला. हा फरक अंदाजानं कळत नाही, बघून कळतो. म्हणून महिन्यातून एकदा, समजा संकष्टीला, गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावून ऑइलची पट्टी बघायची सवय लावून घ्या. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, आणखी दोन-तीन मिनिटं थांबा, पट्टी पुसून आत घाला, काढा. ऑइल वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये हवं. कमी नको आणि ‘असू दे थोडं जास्त’ असंही नको, कारण जादा ऑइलनंही इंजिन जड होतं.

नव्या गाड्यांचं थोडं वेगळं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले आणि नव्या स्कूटरमधून कार्बोरेटर आणि चोक गेले. पेट्रोल किती सोडायचं ते आता यंत्रच ठरवतं. अशा गाडीत इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा असतो. चावी फिरवल्यावर तो लागतो, गाडी सुरू झाल्यावर विझायला हवा. चालू गाडीत तो लागून राहिला तर ते यंत्राचं तक्रार सांगणं आहे. तिथे घरी खटपट करू नये, ती तक्रार वाचायचं साधन ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच जावं. आणि २०२५ पर्यंत २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल बहुतेक सगळीकडे आलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. त्यामुळे पावसाळाभर उभी ठेवलेली जुनी गाडी नंतर ओढत नसेल, तर टाकीतलं शिळं पेट्रोल आणि कार्बोरेटर आधी तपासून घ्यायला सांगा.

काही गोष्टी मात्र घरी करूच नका. बंद खोलीत किंवा जिन्याखाली इंजिन चालू ठेवू नका, तो धूर विषारी असतो. टाकी उघडताना जवळ देवघरातला दिवा किंवा गॅस नको. तापलेल्या सायलेन्सरला हात नको. आणि ब्रेक स्वतः सैल करून घाट उतरायला तर मुळीच जाऊ नका. ब्रेकला हात लावला की जाणत्या माणसाला दाखवून, अंगणात तपासूनच बाहेर पडा.

गॅरेजच्या दारात

आता मला जे मनापासून म्हणायचंय ते म्हणते. १९७२ साली लूना आली, १९८४ साली सेल्फ स्टार्टची, बिनगिअरची कायनेटिक होंडा आली, पुढे स्कूटी आली आणि २००१ मध्ये अ‍ॅक्टिव्हा. या गाड्यांनी छोट्या गावातल्या बाईला केवढी मोकळीक दिली! शिक्षिका, परिचारिका, अंगणवाडी सेविका, आशाताई, पिग्मी गोळा करणाऱ्या, डबे देणाऱ्या, सगळ्या या गाड्यांवर बसून घराबाहेर पडल्या. चालवायला आपण शिकलो. पण गाडीची जबाबदारी मात्र घरातल्या पुरुषाकडे आणि गॅरेजकडे सोपवून मोकळ्या झालो. मग गाडी बिघडली की आपलं बाहेर पडणंही त्यांच्या मर्जीवर. ‘विकून टाक गाडी’ हे वाक्य इतक्या सहज ऐकवता येतं, ते म्हणूनच.

गॅरेजमध्ये काय होतं ते आठवा. गाडी आपली, पैसे आपले, बिघाड आपण सोसलेला. पण आपल्याबरोबर दहावीतला मुलगा असेल तर मेकॅनिक बोलतो त्या मुलाशी! आपण दारात, पर्स धरून उभ्या. यात नुसता त्याचा दोष नाही. त्यालाही अंदाजानंच चालावं लागतं, कारण आपण सांगतो काय, तर ‘कशीतरीच करते’. डॉक्टरांकडे जाऊन कुणी ‘मला कसंतरीच होतंय, बघा काय ते’ एवढंच सांगितलं, तर दहा तपासण्या मागे लागणारच.

म्हणून गॅरेजला जाण्याआधी पाच गोष्टी कागदावर लिहा. कधीपासून? चढाला की सपाटीला? गार की तापल्यावर? आवाज वाढतो की नाही? धूर-वास कसला? आणि सहावी, सगळ्यात महत्त्वाची, हे सुरू होण्याआधी गाडीचं कोणतं काम केलं होतं? बऱ्याचदा नव्या दुखण्याचं मूळ कालच्या दुरुस्तीतच असतं, तिच्या ब्रेकसारखं. कागद वाचून दाखवा. मग विचारा, “हेच झालंय हे कशावरून म्हणता? आधी काय तपासलं?” खर्चाचा अंदाज लिहून घ्या. त्यापेक्षा जास्त लागलं तर आधी फोन करायला सांगा. काढलेला जुना भाग परत मागा. चांगला मेकॅनिक यानं चिडत नाही. उलट खूश होतो, कारण त्याचं काम सोपं होतं.

ज्या संस्था महिलांना वाहन चालवायला शिकवतात, त्यांना एक विनंती. ‘आठ’ काढायला शिकवता, तसा एक तास गाडी ऐकायलाही शिकवा. हवा, ऑइलची पट्टी, ब्रेकची मूठ आणि फिल्टरचं झाकण, एवढं दाखवलंत तरी पुरे. बचत गट लोणची-पापडांची प्रशिक्षणं घेतात, तशी ही एक बैठक घ्यायला काय हरकत आहे? गाडीसाठी कर्ज देतो, मग ती गाडी चालती कशी ठेवायची हे शिकवणं हाही त्या कर्जाचाच भाग आहे, असं मला आता वाटतं. आणि घरातल्यांनाही सांगणं आहे, गाडीची पुस्तिका आणि सर्व्हिसिंगची बिलं, जी गाडी चालवते तिच्याच हातात असू द्या.

आमच्या गटात आता दर महिन्याच्या बैठकीआधी अर्धा तास काकांच्या अंगणात गाड्या लागतात. पहिल्या दिवशी सहा जणी होत्या. तिघींच्या मागच्या चाकात हवा कमी निघाली, एकीचा चोक अर्धा ओढलेलाच होता. ती म्हणाली, “मला वाटायचं, माझंच वजन वाढलंय म्हणून गाडी ओढत नाही!” सगळ्या हसल्या, तीही हसली.

चपात्यांच्या ऑर्डरवालीनं ९ हजारांचा अर्ज मागे घेतला. गेल्या बैठकीत जुन्या कर्जाचा हप्ता तिनं वेळेवर भरला. जाताना गाडीवर बसली, मूठ पिळली आणि क्षणभर तशीच थांबली. मी विचारलं, “काय गं, काय झालं?” म्हणाली, “काही नाही ताई, ऐकतेय.”